‘स्टेट’ : सीमाभागाच्या वाट्याला आलेला एक इंग्रजी शब्द

सकाळी गुलबर्ग्याहून सोलापूरला निघालेल्या मराठी माणसाचे दिवसभराचे बोलणे कान देऊन ऐकावे. स्टेट बँकेत त्याचे काहीतरी काम असते. मुलीला स्टेट बोर्डातच ठेवावे की सीबीएसईत घालावे, ही चिंता त्याच्या मागे असते. वाटेत सीमा लागते आणि दुसरे स्टेट सुरू होते. सोलापुरात तो एस.टी. स्टँडवर उतरतो, त्या ‘एस.टी.’मधला ‘एस’ म्हणजे ‘स्टेट’च, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. नात्यातला एखादा मुलगा ‘स्टेट्सला’ असतो आणि त्याचा अर्थ अमेरिका एवढाच असतो. भावाभावांत इस्टेटीची वाटणी रखडलेली असते, आणि रात्री निजण्यापूर्वी तो पुतण्याने ठेवलेले स्टेटस पाहून घेतो.

एकाच शब्दाची आणि त्याच्या भावंडांची ही रूपे. भाषेच्या अभ्यासकाला ती केवळ रंजक वाटतील. आपल्याला मात्र त्यांच्याकडे अधिक गांभीर्याने पाहिले पाहिजे. कारण बिदर-गुलबर्ग्याच्या मराठी भाषकाचे भवितव्य गेल्या शतकात ज्या ज्या कागदावर ठरले, त्या प्रत्येक कागदावर ‘स्टेट’ हा शब्द होता आणि जवळजवळ प्रत्येक कागदावर त्याचा अर्थ निराळा होता. इंग्रजीने हे सारे अर्थ एका शब्दात कोंडले. मराठीने त्यांना वेगवेगळी नावे दिली. ही नावे नीट ओळखली, तर आपल्या इतिहासातील काही गाठी सुटतात आणि आपण नेमके कोणाकडे काय मागत आहोत, हेही स्पष्ट होते.

मूळ एक, शाखा अनेक

लॅटिनमध्ये ‘स्तातुस’ म्हणजे उभे असणे, उभे राहण्याची रीत, स्थिती. फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हा प्रथम त्याचा अर्थ ‘अवस्था’ एवढाच होता. पुढे माणसाची समाजातील पायरी, मग राजाचा थाटमाट, मग त्याचा अंमल, आणि अखेरीस अंमलाखालचा प्रदेश व तो चालवणारी यंत्रणा, असे अर्थ त्याला जोडले गेले. सोळाव्या शतकाच्या आरंभी इटलीत मॅकियाव्हेलीसारख्या लेखकांनी ‘स्तातो’ हा शब्द राजकीय अर्थाने वापरला आणि त्या अर्थाला युरोपभर प्रतिष्ठा मिळाली. ‘इस्टेट’ हे त्याच शब्दाचे फ्रेंच वळणाचे जुळे रूप, तर ‘स्टेटस’ म्हणजे मूळ लॅटिन शब्दच. ‘स्टेशन’, ‘स्टँड’ आणि कोर्टातून आणतात तो ‘स्टे’, हे सारे त्याच कुळातले.

या कुळाची एक शाखा आपल्याही घरात आहे. संस्कृतातील ‘स्था’ हा धातू आणि लॅटिनमधील हा धातू यांचे मूळ एकच मानले जाते. स्थिती, अवस्था, व्यवस्था, संस्था, स्थावर, संस्थान हे सर्व ‘स्था’चे वंशज. ‘हिंदुस्तान’मधील फारसी ‘स्तान’ही त्यांचाच सगोत्र. म्हणजे इंग्रजी अमदानीत ‘स्टेट’साठी ‘संस्थान’ हा मराठी प्रतिशब्द रूढ झाला, तेव्हा हजारो वर्षांपूर्वी दूर गेलेल्या एका रक्ताच्या दोन शब्दांची नकळत गाठ पडली.

‘टिकून उभे राहणे’ हा ज्या शब्दाचा मूळ अर्थ, तोच शब्द आपल्या भागात सर्वांत अस्थिर ठरावा, ही मात्र इतिहासाची करणी होय.

मोगलाई, रियासत आणि संस्थान

इंग्रजी शब्द येण्यापूर्वी या भूमीला शब्दांची वाण नव्हती. १३४७ साली बहमनी सत्तेची राजधानी गुलबर्ग्यास झाली आणि पंधराव्या शतकात ती बिदरला गेली. दोन्ही नगरांनी राजधानीचा मान पाहिला. आसफजाही काळात दरबारी उर्दूत ‘रियासत’, ‘ममलिकत’, ‘सरकार-ए-आली’ हे शब्द चालत. इंग्रजी मुलखातील मराठी माणूस निजामाच्या प्रदेशाला सरळ ‘मोगलाई’ म्हणे. निजाम मोगलांचा सुभेदार होता, ही आठवण त्या एका शब्दाने दीड-दोन शतके जपली. सोलापूरकडची सोयरीक ‘मोगलाईत’ दिली जाई आणि मोगलाईतला व्यापारी इंग्रजी रुपयाला ‘कलदार’ व आपल्या रुपयाला ‘हाली’ म्हणे. सहा कलदारांना सुमारे सात हाली, असा हिशेब बाजारात पोरासोरांनाही पाठ असे.

‘संस्थान’ या शब्दाचेही आपल्याकडे तीन थर होते. हैदराबाद हे एक संस्थान. त्या संस्थानाच्या पोटात गदवाल, वनपर्ती, गुरगुंटा यांसारखी मांडलिक राजांची संस्थाने. जुन्या गुलबर्गा जिल्ह्यातील सुरपूर, म्हणजे शोरापूर, हेही एके काळी बेडर नायकांचे असेच संस्थान होते. १८५७-५८च्या उठावात राजा वेंकटप्पा नायकाने इंग्रजांशी झुंज दिली आणि ते लयास गेले. तिसरा थर धर्मपीठांचा. हुमनाबादजवळ माणिकनगरला श्री माणिकप्रभू संस्थान आहे, खुद्द गुलबर्ग्यात शरणबसवेश्वर संस्थान आहे. राजांची संस्थाने गेली, ही राहिली. माणिकप्रभूंची पदे मराठी, कन्नड आणि हिंदुस्तानी अशा भाषांत आहेत. तेथे भक्ताला आपली भाषा कोणत्या रकान्यात लिहावी, असा प्रश्न कोणी विचारत नाही.

इंग्रजांनी या साऱ्या विविधतेवर ‘स्टेट’ हा एकच शिक्का मारला. १९४० साली सोलापुरात आगगाडीत बसून गुलबर्ग्याला निघालेल्या प्रवाशाची कल्पना करावी. सोलापूर हा ब्रिटिशांचा खालसा जिल्हा, मुंबई प्रांतातला. थोड्याच वेळात अक्कलकोट रोड स्थानक येई. ते अक्कलकोट संस्थानचे, भोसल्यांचे राज्य, क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल. तेथून पुढे निजामाची हद्द लागे. तिचे क्षेत्रफळ ८२ हजार चौरस मैलांहून अधिक, लोकसंख्या दीड कोटीच्या वर. इंग्रजी दफ्तरात अक्कलकोटही ‘स्टेट’ आणि हैदराबादही ‘स्टेट’. पूर्वी-पश्चिमी भाषा न बदलता, काही तासांच्या प्रवासात माणूस तीन प्रकारच्या अमलांतून जाई. गुलबर्ग्यात उतरताच तो ‘गैरमुल्की’ ठरे. नोकरीचा हक्क ‘मुल्की’ माणसाचा, म्हणजे संस्थानच्या रहिवाशाचा. भाषेने आपला असलेला माणूस ‘स्टेट’मुळे परका ठरण्याची रीत तेव्हापासूनची आहे.

पाटीवरचा शब्द

सामान्य माणसाला ‘स्टेट’ हा शब्द भेटला तो पाट्यांवर. गुलबर्गा जिल्ह्यातील वाडी जंक्शनपासून सिकंदराबादपर्यंतचा लोहमार्ग १८७४ साली सुरू झाला. पुढे त्याची कंपनी झाली, तिच्या नावात ‘निजाम’, ‘गॅरंटीड’ आणि ‘स्टेट’ हे तिन्ही शब्द होते. पैसा लंडनचा, हमी निजामाची, नाव संस्थानचे. १९३० साली निजाम सरकारने ती रेल्वे विकत घेतली, तेव्हा ‘गॅरंटीड’ गळाले आणि ‘निजाम्स स्टेट रेल्वे’ उरली. १९५१ साली ती मध्य रेल्वेत विलीन झाली.

याहून बोलके उदाहरण बँकेचे. १९४१ साली ‘हैदराबाद स्टेट बँक’ स्थापन झाली. या नावात ‘स्टेट’ हा शब्द ‘हैदराबाद’ला जोडलेला होता : हैदराबाद स्टेटची बँक. १९५५ साली इंपीरियल बँकेची ‘स्टेट बँक ऑफ इंडिया’ झाली आणि १९५६ साली हैदराबादच्या बँकेचे नाव बदलून ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ करण्यात आले. शब्द तेच, जागा बदलली. आणि जागेबरोबर अर्थही बदलला. आता ‘स्टेट’ हा शब्द ‘बँके’ला जोडला गेला : सरकारी मालकीची, हैदराबादची बँक. ज्या वर्षी हैदराबाद नावाचे राज्य नकाशावरून गेले, त्याच वर्षी पाटीवरील ‘स्टेट’नेही त्या राज्याचा हात सोडला. तरी ‘हैदराबाद’ हे नाव आपल्या गावागावांतील पाट्यांवर पुढे साठ वर्षे टिकले. १ एप्रिल २०१७ रोजी ती बँक भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, तेव्हा तेही उतरले.

‘स्टेट’ म्हणजे काय? पॅरिसमधील प्रश्न

हा केवळ कोशातला प्रश्न नव्हता. १९२६ साली व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी निजामाला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले होते की, हिंदुस्थानातील कोणताही संस्थानिक ब्रिटिश सत्तेशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करू शकत नाही. म्हणजे हैदराबाद ‘स्टेट’ होते. पण सार्वभौम नव्हते.

संस्थानातील प्रजेला तर सभा भरवण्यासही परवानगी लागे. राजकीय संघटनेला वाव नव्हता, म्हणून लोक भाषेच्या आश्रयाने एकत्र आले : आंध्र महासभा, कर्नाटक परिषद, आणि १९३७ साली परतूर येथे पहिले अधिवेशन भरलेली महाराष्ट्र परिषद. १९३८ साली ‘हैदराबाद स्टेट काँग्रेस’ची घोषणा होताच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली, ती १९४६ साली उठली. या संघटनेचे नाव मराठीतही कोणी भाषांतरित केले नाही. आपले आजोबा ‘स्टेट काँग्रेस’च म्हणत. तिचे अध्वर्यू स्वामी रामानंद तीर्थ यांचा जन्म विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. पूर्वाश्रमीचे ते व्यंकटेश खेडगीकर. कार्य मराठवाड्यात, आणि नेतृत्व तिन्ही भाषांच्या प्रजेचे.

जून १९४७ मध्ये निजामाने आपण दोन्हींपैकी कोणत्याच संघराज्यात सामील होणार नाही, असे जाहीर केले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी एका वर्षाचा करार झाला. मराठीत त्याला ‘जैसे थे करार’ हे अचूक नाव पडले. पण जैसे थे काहीच राहिले नाही. रझाकारांचे अत्याचार वाढले. बिदर-गुलबर्ग्याकडील आणि मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे घरदार सोडून सोलापूरच्या बाजूला आली.

२१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे तक्रार नेली. आधार घेतला तो सनदेच्या पस्तिसाव्या कलमाचा. सभासद नसलेले ‘स्टेट’ही आपला वाद समितीपुढे मांडू शकते, अशी त्यात तरतूद आहे. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १६ सप्टेंबरला समितीची बैठक पॅरिसमध्ये भरली, तेव्हा भारताचे प्रतिनिधी रामस्वामी मुदलियार यांचा पहिला आक्षेप हाच होता की, हैदराबाद हे या कलमाच्या अर्थाने ‘स्टेट’च नव्हे. ज्या भारत सरकारने १९४७च्या जुलैत सरदार पटेलांच्या हाती ‘स्टेट्स’ खाते दिले होते, त्याच सरकारचे हे म्हणणे. वरवर पाहता विसंगती. प्रत्यक्षात दोन्ही विधाने खरी. मराठीत मांडली की विसंगती उरत नाही : हैदराबाद हे संस्थान होते, सार्वभौम राष्ट्र नव्हते. मराठीत ज्याला एक वाक्य पुरते, त्याचा इंग्रजीत वाद होऊ शकला, कारण इंग्रजीत दोहोंना एकच शब्द होता.

१७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवली आणि काही दिवसांनी तक्रारही मागे घेतली. त्याच वर्षी ८ मार्चला अक्कलकोट संस्थान शांतपणे मुंबई प्रांतात विलीन झाले होते. सहा महिन्यांहून थोड्याच अधिक काळात आगगाडीच्या वाटेवरील दोन्ही ‘स्टेट्स’ जुन्या अर्थाने संपली.

तोच शब्द, नवा अर्थ

२६ जानेवारी १९५० रोजी ‘स्टेट’ हा शब्द नव्या वेषात परत आला. संविधानाच्या पहिल्याच कलमाने भारताला ‘स्टेट्स’चा संघ म्हटले. इंग्रजीत शब्द बदलला नाही. मराठीने मात्र ‘संस्थान’ बाजूला ठेवून ‘राज्य’ हा शब्द घेतला. हा निवाडा फार महत्त्वाचा होता. संस्थान म्हणजे राजाचे. त्याच्या सीमा तलवारीने, तहाने वा कर्जफेडीत ठरलेल्या. राज्य म्हणजे लोकांच्या प्रतिनिधींनी चालवायचे. त्याच्या सीमा लोकांच्या सोयीसाठी आणि संसदेच्या कायद्याने बदलता येणाऱ्या. अमेरिकेच्या बाबतीत मराठीने हा बदल कधी केला नाही. आपल्या शालेय पुस्तकांतून ती ‘अमेरिकेची संयुक्त संस्थाने’च राहिली, जणू तेथेही गादीवर कोणी महाराज बसले आहेत.

हैदराबाद ‘ब’ वर्गाचे राज्य झाले आणि खुद्द निजाम त्याचा राजप्रमुख झाला. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत स्वामी रामानंद तीर्थ लोकसभेवर निवडून आले ते गुलबर्ग्यातून. १९५७ साली ते निवडून आले औरंगाबादेतून. माणूस तोच, कार्यक्षेत्र तेच. मध्ये मूळ राज्य मात्र उरले नव्हते.

ते कसे गेले, हे सर्वश्रुत आहे; पण तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २९ डिसेंबर १९५३ रोजी न्या. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. सप्टेंबर १९५५च्या अहवालात आयोगाने मराठवाडा मुंबईला आणि गुलबर्गा-रायचूर कर्नाटकाला देण्याची शिफारस केली, तर बिदर जिल्हा उरलेल्या हैदराबाद राज्यात, तेलंगणाबरोबर ठेवावा, असे सुचवले. संसदेने प्रत्यक्षात बिदरचे तीन भाग केले. १९५६च्या राज्य पुनर्रचना कायद्याने अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. नारायणखेड आणि जहिराबादचा मोठा भाग आंध्रात गेला. आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद, कल्याणी हा उरलेला मुलूख नव्या म्हैसूर राज्यात गेला. गुलबर्गा जिल्ह्यातून कोडंगल आणि तांडूर आंध्रात गेले. आळंद मात्र, सोलापूर-उस्मानाबादच्या शेजाराला असूनही, गुलबर्ग्याबरोबरच राहिला. आंध्राच्या बाजूला सीमा आखताना तालुक्याखालच्या मंडळांपर्यंत विचार झाला. मराठी-कन्नड सीमेवर तालुका अखंड ठेवला गेला. आपला सारा पुढचा वाद या एका फरकात बीजरूपाने आहे. ‘खेडे हा घटक’ ही मागणी काही हट्टातून निघालेली नाही.

आता भालकी तालुक्यात १९३० साली जन्मलेल्या एखाद्या शेतकऱ्याचा विचार करावा. त्याने आयुष्यात गाव सोडले नाही. तरी तो निजामाच्या संस्थानात जन्मला, ‘ब’ वर्गाच्या हैदराबाद राज्यात त्याने पहिले मत दिले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्याचा रहिवासी झाला आणि १ नोव्हेंबर १९७३ रोजी कर्नाटकाचा. चार ‘स्टेट्स’ त्याच्या दारावरून गेली. त्याचे शेत, त्याची विहीर, त्याची पंढरीची वारी आणि त्याची भाषा आपल्या जागी उभी राहिली. ‘स्टेट’ शब्दाच्या मूळ अर्थाला जागले ते हे शेतकरी.

वादी, अल्पसंख्य, परका

१९५६ नंतर या शब्दाचे आणखी तीन अर्थ आपल्याला भोगावे लागले.

पहिला अर्थ वादीचा. महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला. त्याचा १९६७चा अहवाल महाराष्ट्राने अमान्य केला. २००४ साली महाराष्ट्राने ८६५ गावांसाठी सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. हा दावा संविधानाच्या १३१व्या कलमाखालचा. या कलमाखाली पक्षकार होऊ शकतात ते केवळ केंद्र आणि राज्ये. ज्या गावासाठी दावा आहे, ते गाव त्या दाव्यात बोलू शकत नाही. त्याचे गाऱ्हाणे कोणत्या तरी ‘स्टेट’ने आपल्या तोंडाने सांगावे लागते. बिदर-भालकीची नावे आपण घोषणांतून ऐकत आलो. न्यायालयात मात्र ती दोन राज्यांच्या भांडणातील मालमत्तेच्या यादीसारखी, जणू ‘इस्टेट’ म्हणून, वाचली जातात.

दुसरा अर्थ मोजमापाचा. टी. एम. ए. पै फाउंडेशन विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने २००२ साली ठरवले की, अल्पसंख्य कोण, हे ठरवण्याचे माप राज्य हेच असेल. म्हणजे उदगीरचा मराठी भाषक बहुसंख्य आणि शेजारच्या भालकीचा त्याचा मावसभाऊ अल्पसंख्य. तसेच अक्कलकोट, दक्षिण सोलापूर वा जत तालुक्यातील कन्नड भाषक महाराष्ट्रात अल्पसंख्य. एकाच सीमारेषेने दोन्ही बाजूंना ही स्थिती निर्माण केली, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. जे संरक्षण आपण भालकीत मागतो, तेच अक्कलकोटच्या कन्नड शाळेला मिळाले पाहिजे, असे म्हणण्याने आपली बाजू दुबळी होत नाही. उलट ती अधिक न्याय्य होते.

तिसरा अर्थ रहिवासाचा. शिक्षणासाठी लातूर-सोलापूरला गेलेल्या आपल्या मुलाला अर्जावरील ‘राज्य’ या रकान्यापाशी थांबावे लागते. महाराष्ट्राने अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांत विवादित सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी वेगळा प्रकार ठेवला आहे, हे अनेक पालकांना माहीतच नसते. इकडे कर्नाटकात ९८व्या घटनादुरुस्तीने आलेल्या ३७१-ञ या कलमाखाली जुन्या हैदराबाद-कर्नाटक भागातील स्थानिकांना शिक्षणात व नोकऱ्यांत राखीव जागा मिळतात. त्याची कसोटी जन्म किंवा अधिवास ही आहे, भाषा नव्हे. म्हणजे निजामाच्या काळातील ‘मुल्की’ ही कल्पना नव्या रूपात परत आली आणि या वेळी ती मराठी मुलाच्याही उपयोगाची आहे. ‘स्टेट’च्या ज्या अर्थाने आपल्याला परके केले, त्यातूनच हा एक हक्कही निघतो. तो सोडून देणे हा स्वाभिमान नव्हे; ते आपलेच नुकसान होय.

राज्य कोणावर?

मराठीत ‘राज्य’ या शब्दाचा एक अर्थ मोठ्यांच्या कोशात दुय्यम असला, तरी मुलांच्या खेळात तोच मुख्य आहे. लपंडावात ज्याच्यावर ‘राज्य येते’, त्याने डोळे मिटून अंक मोजायचे आणि इतरांना शोधून काढायचे. राज्य म्हणजे येथे मिरवायचा मान नाही. ती पार पाडायची पाळी आहे. संविधानातील ‘स्टेट’चा सर्वांत मोलाचा अर्थ मला या खेळातल्या शब्दाच्या जवळचा वाटतो.

संविधानाच्या बाराव्या कलमानुसार, मूलभूत हक्कांच्या भागात ‘स्टेट’ म्हणजे केवळ बेंगळूर वा मुंबईचे सरकार नव्हे. केंद्र, संसद, राज्य सरकार, विधिमंडळ आणि सर्व स्थानिक प्राधिकरणे हे सारे त्यात येतात. जिल्हा पंचायत आणि ग्रामपंचायतही ‘स्टेट’च. भाषिक अल्पसंख्याकांनी चालवलेल्या शाळेला अनुदान देताना भेदभाव करू नये, असे तिसावे कलम सांगते, तेव्हा ते या सर्वांना सांगते. १९५६ सालीच, पुनर्रचनेच्या जोडीने, ३५०-क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करून देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि राज्यातील प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने करावा, असे त्यात म्हटले आहे. ज्यांनी सीमा आखल्या, त्यांना सीमेच्या चुकीच्या बाजूला मुले राहणार याची जाणीव होती. आणि त्या मुलांचे ‘राज्य’ त्यांनी नव्या राज्यांवर टाकले होते.

म्हणून औराद, भालकी, बसवकल्याण वा आळंद तालुक्यातील एखाद्या गावात मराठी शाळेला शिक्षक मिळावा, असे निवेदन घेऊन आपण एखाद्या कार्यालयात जातो, आणि ‘हा स्टेटचा विषय आहे, वर जा’ असे उत्तर मिळते, तेव्हा निमूटपणे परत फिरू नये. त्या टेबलामागे बसलेली यंत्रणाही संविधानाच्या अर्थाने ‘स्टेट’ आहे, हे नम्रपणे आणि कलमाचा आकडा लिहून सांगावे. निवेदनात ‘राज्य’ हा शब्द लिहिताना आपल्याला प्रदेश म्हणायचा आहे, सरकार म्हणायचे आहे, की कर्तव्य असलेली शासनसंस्था म्हणायची आहे, हे आधी आपल्या मनाशी ठरवावे. सीमेचा प्रश्न न्यायालयात आहे आणि तो दोन राज्यांमधला आहे. मुलीच्या वर्गात यंदा मराठीचा शिक्षक आहे की नाही, हा प्रश्न मात्र या जूनचा आहे, आणि तो विचारण्यासाठी कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही.

या भूमीवरून संस्थान गेले, ‘ब’ वर्ग गेला, म्हैसूर हे नाव गेले. २०१४ साली गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले आणि २०१९ साली ‘हैदराबाद-कर्नाटक’चे ‘कल्याण कर्नाटक’ झाले. शब्द पुढेही बदलतील. संस्थान, राज्य, राष्ट्र, शासन, सरकार, अवस्था हे आपले शब्द आपण जागरूकपणे आणि आपापल्या जागी वापरत राहिलो, तर समोरच्या कागदावरील एका इंग्रजी शब्दाने आपली फसगत होणार नाही. आणि ज्याच्यावर राज्य आहे, त्याला त्याची पाळी बजावायला आपण सांगू शकू.